लीज ८१ वर्षांवर आलीय: आत्ताच वाढवायची की नव्या कायद्याची वाट बघायची?

हॅरोकर
नमस्कार मंडळी. लंडनच्या हॅरोमधला आमचा एक बेडरूमचा फ्लॅट, २०१६ मध्ये घेतला तेव्हा लीजची (म्हणजे फ्लॅट ठरावीक वर्षांपुरता आपला, जमीन मालकाची, ज्याला फ्रीहोल्डर म्हणतात) ९१ वर्षं शिल्लक होती आणि आम्हाला वाटलं एवढ्या वर्षांत आपल्याला काय फरक पडतोय. आता ८१ वर्षं आणि चार महिने उरलेत. सर्व्हेअरने फ्लॅटची किंमत ३ लाख पौंड आणि ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं) वर्षाला १५० पौंड धरून हिशोब केला, तर आज वाढवली तर प्रीमियम, म्हणजे लीज वाढवून घ्यायची रक्कम, ८ हजाराच्या आसपास, आणि ८० च्या खाली गेल्यावर तोच १४-१५ हजार. कारण ८० च्या खाली मॅरेज व्हॅल्यू लागते, म्हणजे लीज वाढल्याने जी किंमत वाढते त्यातला अर्धा वाटा फ्रीहोल्डरला द्यायचा.

घरात दोन मतं आहेत. बायको म्हणते २०२४ मध्ये नवा कायदा पास झालाय, मॅरेज व्हॅल्यूच जाणार आहे आणि ९० ऐवजी ९९० वर्षं मिळणार आहेत, मग घाई कशाला. माझं मत ठाम आहे की थांबायचं नाही. पास झालेला कायदा आणि लागू झालेला कायदा यात फरक असतो, आणि ती ८० ची रेषा आपल्यासाठी थांबत नाही. तुम्हाला काय वाटतं?

स्लौवाला
दादा, मी तुमच्या बायकोच्या बाजूने. कायदा मे २०२४ मध्ये पास झालाय, हे काही निवडणुकीतलं आश्वासन नाही. फ्रीहोल्डर मंडळी त्याविरुद्ध हायकोर्टात गेली होती, मॅरेज व्हॅल्यू काढणं म्हणजे आमच्या मालमत्तेवर घाला आहे म्हणून, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टाने ते फेटाळलं. आता वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते दिसतंय ना. शिवाय आज तुम्ही फ्रीहोल्डरला लीज वाढवायची नोटीस दिलीत की तुमचा वकील, तुमचा सर्व्हेअर आणि वर समोरच्याच्या वकील-सर्व्हेअरचा वाजवी खर्चसुद्धा तुम्हीच भरायचा. नव्या कायद्यात बहुतेक वेळा ज्याचा खर्च त्याने करायचा असं आहे. एकेका माणसाने घाबरून आज पैसे भरले की फ्रीहोल्डरचंच फावतं. घर आपण घेतलं, कर्ज आपण फेडलं, छप्पर गळलं तर सर्व्हिस चार्ज आपण भरला आणि तरी जमीन त्यांची म्हणून त्यांना परत पैसे, हे मला मुळातच पटत नाही.

क्रॉयडनची ताई
स्लौवाले दादा, तत्त्व म्हणून तुमचं शंभर टक्के बरोबर, पण हेच तत्त्व धरून आम्ही थांबलो होतो आणि त्याचा फटका बसला. २०१७ पासून सरकार म्हणतंय लीजहोल्ड सुधारणार सुधारणार, आम्ही तेव्हा ८२ वर होतो. मग कोविड आलं, मग मंत्री बदलले, मग परत बदलले, आणि बघता बघता ७८ झाली. त्यानंतर सासूबाईंच्या आजारपणामुळे फ्लॅट विकायची वेळ आली, गिऱ्हाईक पक्कं झालं होतं, पण त्यांच्या बँकेच्या व्हॅल्युअरने लीज बघून किंमत कमी लावली आणि सौदा मोडला. शेवटी मॅरेज व्हॅल्यू भरूनच वाढवली. तेव्हा तर दोन वर्षं मालकी असल्याशिवाय नोटीस देता येत नव्हती म्हणून नवीन घेणाऱ्यालाही काही करता येईना. ती अट ३१ जानेवारी २०२५ ला गेली हे चांगलं झालं, पण आमच्या उपयोगाचं नव्हतं ते.

हॅरोकर दादा, आयुष्यात कधी विकायची गरज पडेल ते आपल्या हातात नसतं. नोटीस द्या.

रेडिंगहून, मूळ वाशीचा
एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. फ्रीहोल्डरचं पत्र येईल की आम्ही कायद्याच्या बाहेर, आपसात, स्वस्तात वाढवून देतो. भुलू नका. १९९३ च्या कायद्याखाली गेलात तर उरलेल्या वर्षांवर ९० वर्षं मिळतात आणि ग्राउंड रेंट शून्य होतो. आपसातल्या सौद्यात बऱ्याचदा फक्त ९९ पर्यंत वाढवून देतात, म्हणजे तुमच्या बाबतीत जेमतेम १८ वर्षं, आणि जुन्या लीजची उरलेली वर्षं संपेपर्यंत ग्राउंड रेंट चालूच ठेवता येतो. माझ्या मित्राला असंच पत्र आलं होतं, वर लिहिलेली रक्कम छान दिसत होती, आतला मजकूर सॉलिसिटरने वाचला तेव्हा कळलं.

आमच्या वाशीच्या घरालासुद्धा सिडकोची ६० वर्षांची लीजच आहे, त्यामुळे बाबांना मी इथलं सांगितलं तर ते म्हणाले की मग नवीन काय आहे यात. पण तिकडे जमीन सरकारी कंपनीची आहे, इथे कुठल्यातरी गुंतवणूकदाराने ग्राउंड रेंटसाठी तुमच्या बिल्डिंगची जमीन लिलावात घेतलेली असू शकते आणि तो तुम्हाला कधी दिसणारही नाही.

स्लौवाला
ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं, आणि ७८ वर अडकलेल्या माणसाला थांब म्हणणार नाही मी. पण हॅरोकर विकत नाहीयेत. आणि अजून एक मुद्दा, नव्या कायद्यात प्रीमियम काढताना ग्राउंड रेंट फ्लॅटच्या किमतीच्या ०.१ टक्क्यापर्यंतच धरायचा आहे. ज्यांचा ग्राउंड रेंट दर काही वर्षांनी दुप्पट होतो त्यांचे त्यात खूप पैसे वाचतील. ते आज भरून बसले तर परत मिळणार नाहीत.

हॅरोकर
हे ज्यांचा रेंट दुप्पट होत जातो त्यांना लागू, मान्य, त्यांनी वेगळा विचार करावा. पण माझा १५० पौंड आहे आणि ३ लाखांचा ०.१ टक्का म्हणजे ३००, त्यामुळे मला त्याचा काहीच फायदा नाही. आणि मी आत्ता ८० च्या वर आहे, म्हणजे मॅरेज व्हॅल्यू गेल्याचाही फायदा मला नाही, ती मला आज लागतच नाही! उरला खर्चाचा मुद्दा. आणि लीज संपल्यावर फ्रीहोल्डरला मिळणाऱ्या फ्लॅटची आजची किंमत ज्या रेटने काढतात, आज फ्लॅटला सहसा ५ टक्के धरतात, तो पुढे सरकार ठरवून देणार आहे. तो खाली आला तर माझा प्रीमियम वाढेल. म्हणजे थांबून मी वाचवणार काय तर काही वकिलाची फी, आणि कायदा लागू व्हायला अजून दीड वर्ष गेलं तर पणाला लावणार ६-७ हजार. ९९० वर्षांचं म्हणाल तर १७१ वर्षं आमच्या मुलांना आणि त्यांच्या मुलांना पुरतील.

एडिंबरावाला
इथे स्कॉटलंडमध्ये फ्लॅट घेतला की तो तुमचाच, हा प्रकार नाही. जुन्या अतिदीर्घ लीज होत्या त्यासुद्धा २०१५ मध्ये कायद्याने थेट मालकीत बदलल्या. एकाच देशात असून इंग्लंडमध्ये लोक अजून हे भरतायत याचा राग येतो खरंच.

क्रॉयडनची ताई
हॅरोकर दादा, नोटिशीच्या दिवशीची तारीख धरूनच किंमत ठरते, म्हणजे लीज ८० च्या खाली जायच्या आधी नोटीस पोचली की पुढे बोलणी वर्षभर लांबली तरी मॅरेज व्हॅल्यू लागत नाही. फक्त तारखा सांभाळा. फ्रीहोल्डरचं उलट उत्तर आलं की सहा महिन्यांत ट्रायब्युनलला (असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाला) अर्ज टाकायचा, तो राहिला तर नोटीस मागे घेतली असं धरतात, मग १२ महिने नवी देता येत नाही आणि तुमचे सोळा महिनेच उरलेत.

हॅरोकर
ताई, ही तारखेची गोष्ट माहीत नव्हती, मनापासून आभार. बायकोला हा पूर्ण धागा वाचून दाखवला, ती म्हणाली खर्चाचं स्लौवाल्या दादांचं बरोबर आहे पण ८० ओलांडायचं नाही. सोमवारी सॉलिसिटरला फोन करतोय. सर्व्हेअर नोटिशीत आपली पहिली ऑफर म्हणून साडेसहा हजार लिहू म्हणतोय, अगदीच कमी लिहिलं तर नोटीसच बाद होऊ शकते म्हणे. कुणी अलीकडे दिली असेल तर किती लिहिलं आणि शेवटी कितीवर मिटलं ते सांगा प्लीज.