कलाभवन काय आकाशातून पडलं?

दांडियाबाजारकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'सरकारने विद्यापीठातून हात काढला की बडोद्यात आपोआप कारखाने उगवतील.' सकाळची शेव-उसळ गोड लागेना. अहो, १८९० साली कलाभवन, ही तंत्रशिक्षणाची शाळा, कुणी काढलं? सयाजीराव महाराजांच्या दरबाराने. म्हणजे सरकारनेच! तिथल्या गज्जर मास्तरांच्या वर्तुळातूनच १९०७ साली अलेम्बिक ही औषधांची कंपनी निघाली.

लॅबमधला उंदीर: तो 'कुणीतरी' मीच. काका, महाराजांच्या काळात 'एल-वन', म्हणजे सर्वांत स्वस्त बोलीवाल्याकडूनच घ्यायचा नियम, नव्हतं. मी जिथे पीएचडी केली (नाव घेत नाही), तिथे एचपीएलसीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) एका कॉलमसाठी, म्हणजे त्यातल्या नळीसाठी, तीन कोटेशनं, जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल, मग हिशेबखात्याची शंका, 'स्वस्तातला का नको?' स्वस्तातला आला, आठवड्यात फुटला. सात महिने गेले. अंकलेश्वरचा जो कारखानदार आमच्या पद्धतीची वाट पाहत होता, त्याने तोवर चीनमधून माल मागवला.

सूरसागर: जून २०२५ मध्ये केंद्राने आपल्या संशोधन संस्थांसाठी कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख केली, जेमबाहेरून उपकरणं घ्यायचीही मुभा दिली. रडगाणं जुनं आहे तुमचं.

लॅबमधला उंदीर: ते केंद्राचं. मी राज्याच्या दावणीला होतो. गुजरातच्या २०२३च्या कायद्याने तर अकरा विद्यापीठं एकाच दावणीला बांधली, सेनेट-सिंडिकेट ही विद्यापीठाचा कारभार पाहणारी मंडळं गेली.

सूरसागर: सेनेटचं काय एवढं? निवडणूक आली की पॅनलं, जेवणावळी. शोध किती लागले त्यातून?

रावपुऱ्याची: अलेम्बिक म्हटलं की गज्जरांचंच नाव घेता. तिच्या संस्थापकांत प्राध्यापक कोटिभास्करही होते, त्यांचं नाव एकानेही घेतलं नाही. आपली माणसं आपणच विसरायची!

दांडियाबाजारकर: आलं का मराठी-गुजराती! गज्जर सुरतेचे, महाराजांनी भाषा विचारून नाही आणलं त्यांना.

रावपुऱ्याची: 'मराठी' हा शब्द मी काढलाच नाही. तुम्ही काढलात.

दांडियाबाजारकर: 'आपली माणसं' म्हणजे मग कोण, ताई? चिनी?

रावपुऱ्याची: बडोद्याची! काका, चष्मा पुसा.

सूरसागर: विषय विद्यापीठाचा होता ना? की अलेम्बिकच्या वाटण्या चालल्यात?

दांडियाबाजारकर: बरं बाबा, कॉलमचं कबूल. पैसा सरकारने द्यावा आणि चार पैशांच्या फरकासाठी सात महिने खावेत, हे महाराजांनाही पटलं नसतं. मात्र सरकारच नको म्हणाल तर कॉलमला पैसा कोण देणार होतं? तो अंकलेश्वरवाला? त्याने एक रुपया तरी दिला का?

लॅबमधला उंदीर: नाही दिला. हे मात्र खरं. आणि तो फुटका कॉलम अजून कपाटात आहे, निर्लेखन समितीची, म्हणजे मोडकं सामान नोंदीतून काढणाऱ्या समितीची, बैठक व्हायचीय.