घरातून म्युझिक पॉडकास्ट करतोय: आवाज घुमतोय, तंबोरा गायब होतोय आणि गाणी वाजवायची परवानगी कुणाची घ्यायची?

मिरज_जंक्शन

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, आधीच माफी मागतो.

मी मिरजेत राहतो, दिवसभर औषध कंपनीची फिरती नोकरी. फिरतीत लक्षात आलं की सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात स्वतःची गाणी स्वतः लिहून, चाल लावून, घरातच रेकॉर्ड करणारी पोरंपोरी लई आहेत. कुणी रॅप करतंय, कुणी ढोलकीबरोबर बास गिटार लावतंय, एक बाई ओव्यांना नवीन चाली देतायत. यांना विचारणारं कोण नाही. म्हणून म्हटलं, गप्पा मारू, मधे मधे त्यांची गाणी लावू. असे तीन भाग रेकॉर्ड झालेत पण एकही टाकलेला नाही, कारण ऐकवत नाहीत.

पहिली अडचण, खोली. १० बाय १० ची, फरशी, एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. ऑनलाइन बघून कंडेन्सर माइक घेतला, रिव्ह्यू एकदम झकास होते. आता त्यात मी विहिरीत बसून बोलतोय असं वाटतं, शेजारच्या काकूंचा कुकर माझ्यापेक्षा स्पष्ट येतो आणि वाऱ्याची दिशा बरोबर असली तर स्टेशनवरचं ‘कृपया लक्ष द्या’ पण येतं.

दुसरी अडचण सांगायलाच लाज वाटते. पुण्याच्या एक गायिका झूमवर होत्या, तंबोरा लावून स्वतःची बंदिश गायल्या. ऐकताना मला वाटलं माझं नेट हललंय. नंतर रेकॉर्डिंग बघतो तर तंबोरा दोन सेकंद येतो आणि मग कुणी गळा दाबल्यासारखा गप्प, परत येतो, परत गप्प. पंचम तर जवळजवळ नाहीच. ज्या गावच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं त्या गावात बसून मी तंबोराच हरवला, आता सतारमेकर गल्लीतनं कुठल्या तोंडाने जाऊ.

तिसरी, परवानगी. मित्र म्हणतो ३० सेकंदांपर्यंत कुणाचंही गाणं वाजवलं तरी चालतं, हे खरं आहे का? शिवाय आजोबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या आहेत घरात, नाट्यगीतांच्या, १९३० च्या आसपासच्या. त्यातला तुकडा दर भागाच्या सुरुवातीला लावायचा विचार आहे. जाणकारांनी सांगा. बजेट फार नाही, माइकवर आधीच बोलणी खाऊन झालीत.

खिडकीबंद

माइक विकू नका आणि नवीन तर अजिबात घेऊ नका आधी. दोष खोलीचा आहे. मी डोंबिवलीत लाइव्ह शोचं साउंड करतो, सोळा-सतरा वर्षं झाली, आणि दर महिन्याला कुणीतरी हेच घेऊन येतं. कंडेन्सर माइक बिचारा इमानदार असतो, समोर आहे ते सगळं टिपतो. मोकळ्या फरशीच्या खोलीत तुमचा आवाज चार भिंतींना आपटून परत येतो आणि तो पण टिपतो.

खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीच्या मागून ‘टंग्ग’ असं शेपूट आलं तर ती खोली नको. मग बेडरूममध्ये जाऊन वाजवा, जिथे गादी, पडदे, कपड्यांनी भरलेलं कपाट आहे. फरक तुमचा तुम्हाला कळेल. कपाटाची दोन्ही दारं उघडून पाठ कपड्यांकडे करून बसायचं (हो, पाठ. माइकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे तुमच्या पाठीमागून जे परत येतं तेच त्यात शिरतं), पायाखाली सतरंजी, समोरच्या भिंतीवर गोधडी. ते काळ्या फोमचे चौकोन मिळतात ना ऑनलाइन, एक इंचाचे, त्याच्या नादी लागू नका, ते फक्त वरचा चिरका भाग खातात आणि खालची घुम तशीच राहते, उलट आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. जाड गोधडी परवडली.

पुढेमागे माइक बदलायचाच झाला तर डायनॅमिक बघा, तो लांबचे आवाज कमी टिपतो. शुअरचा एसएम५८ घ्या, १९६६ पासून तोच आहे आणि सेकंडहँड पण चालतो, पण त्याला इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) लागतो. ते नको असेल तर सॅमसन क्यू२यू, त्याला यूएसबी पण आहे आणि एक्सएलआर (इंटरफेसला जाणारी तीन पिनांची जोडणी) पण. डायनॅमिकला तोंड जवळ न्यावं लागतं, चार बोटं ते फार तर वीतभर, तरच काकूंचा कुकर मागे पडेल. पूर्ण जाणार नाही. कुकर कशानेच पूर्ण जात नाही, काकूंना वेळ विचारून घ्या.

अजून दोन गोष्टी. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा, आपल्या घरांतलं अर्थिंग रामभरोसे असतं आणि ५० हर्ट्झची घूं मागे येत राहते. आणि कुणी बोलायच्या आधी ३० सेकंद सगळ्यांनी गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करा. पाहुणे हसतात, हसू द्या, एडिटला वाक्य कापल्यावर मधे भरायला तीच शांतता लागते.

आणि पंखा बंद. मे महिना असला तरी बंद.

हार्मोनियमवाली

तंबोऱ्याचं मी सांगते, कारण याच दुःखातून गेलेय. मी नेदरलँड्समध्ये राहते आणि भारतातल्या-अमेरिकेतल्या मुलांना ऑनलाइन गाणं शिकवते. पहिले दोन महिने मला वाटायचं सगळ्या मुलांचे तंबोरे बेसूर आहेत की काय.

होतं काय, तर झूम, मीट ही सगळी मंडळी मीटिंगसाठी बनलीत. जो आवाज सतत एकसारखा चालू आहे तो पंख्याचा किंवा एसीचा, असं धरून ते दाबून टाकतात. आणि तंबोरा म्हणजे काय, सतत एकसारखा चालू असलेला आवाज! म्हणून षड्ज छेडला की पहिला टणत्कार येतो, मग सॉफ्टवेअर म्हणतं हा पंखा आहे, दाबा. हार्मोनियमचा लांब सूर, बासरी, व्हायोलिनचा एक गज, सगळ्यांची हीच गत. तबला मात्र ठणठणीत येतो, कारण तो तुटक आहे.

झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ म्हणून आहे ते चालू करायचं, हाय फिडेलिटी चालू, एको कॅन्सलेशन बंद. पण लक्षात ठेवा, हे गाणाऱ्याच्या बाजूला करायचं असतं, तुमच्या बाजूला करून उपयोग नाही. आणि एको कॅन्सलेशन बंद केलं की दोघांच्याही कानात हेडफोन पाहिजेतच, नाहीतर आवाज गोल गोल फिरतो.

खरं तर पॉडकास्टला तेवढ्यावर पण थांबू नका. नेटवरून आलेला आवाज तो नेटवरून आलेलाच. पाहुण्याला सांगा, शेजारी दुसरा फोन ठेवा, एरोप्लेन मोडवर, आणि त्यात साधं रेकॉर्डिंग चालू ठेवा. आयफोनच्या व्हॉइस मेमोमध्ये ऑडिओ क्वालिटी लॉसलेस करायची सोय आहे. तंबोरा आणि फोन एका टेबलावर नको, टेबलाची थरथर येते, फोन वेगळ्या स्टुलावर घडी घातलेल्या टॉवेलवर. सुरुवातीला एक-दोन-तीन म्हणून टाळी वाजवायला लावा, नंतर ऑडॅसिटी या फुकट एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅकवरची टाळीची टोकं एकाखाली एक आणायची की झालं. तासभराचा भाग असेल तर शेवटी पण एक टाळी घ्या, दोन मशीनची घड्याळं एकसारखी चालत नाहीत, शेवटाला ट्रॅक किंचित सरकलेले असतात.

त्या गायिकेला परत विचारा हो, म्हणतील हो. आपला तंबोरा गायब झालेला ऐकून कुठलाही गायक परत गायला तयार होईल.

सही_घेतली_का

वकील नाही मी. संगीतकार आहे, आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद आहे, आणि माझंच गाणं माझ्याच चॅनलवर टाकल्यावर मला क्लेम, म्हणजे कॉपीराइटचा दावा, आलेला आहे. एवढ्या अधिकाराने लिहितो.

३० सेकंदवाला नियम नाही. सात सेकंद, पंधरा सेकंद, आठ मात्रा, कसलाच नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात कलम ५२ मध्ये टीका-समीक्षेसाठी ‘फेअर डीलिंग’ आहे, पण तिथे सेकंदांचा आकडा नाही. गाण्यातली एक ओळ ऐकवून तुम्ही त्या ओळीबद्दल काही बोललात तर तुमच्याकडे मांडायला बाजू तरी आहे. भागाच्या सुरुवातीला सजावट म्हणून लावलं तर ती समीक्षा नव्हे.

एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात, हे डोक्यात पक्कं बसवा: शब्द, चाल, आणि ध्वनिमुद्रण. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा, प्रकाशित झाल्यावर ६० वर्षं. म्हणजे तुमच्या आजोबांची १९३० ची तबकडी, तिच्या ध्वनिमुद्रणाचा भारतातला हक्क केव्हाच संपला. पण पद कुणाचं ते बघा. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांचं असेल तर ते १८८५ ला गेले, नाटककार गो. ब. देवल १९१६ ला, शब्दांचा प्रश्न मिटला. चाल दुसऱ्या कुणाची असेल तर त्याचं साल वेगळं बघा. उलट जुनं म्हणून गदिमांचं काही उचललंत तर ते गेले १९७७ ला, म्हणजे २०३७ संपेपर्यंत शब्दांवर हक्क आहे, मग तबकडी कितीही जुनी असो. अमेरिकेत जुन्या ध्वनिमुद्रणांचा हिशोब वेगळा आहे, तिकडे श्रोते असतील तर तेही डोक्यात असू द्या. आणि यूट्यूबवर टाकणार असाल तर हक्क संपलेल्या तबकडीलाही क्लेम येऊ शकतो, कारण कुणीतरी तीच साफसूफ करून परत बाजारात आणलेली असते आणि मशीनला फक्त आवाज जुळतो का एवढंच कळतं. तेव्हा भांडायची तयारी ठेवा, नाहीतर तबकडी स्वतः वाजवून तिची नुसती खरखर तेवढी घ्या.

आता तुमच्या पोरांचं. ‘माझंच गाणं आहे, लाव की बिनधास्त’ असं ते म्हणतील, मनापासून म्हणतील. पण गाणं टाकताना त्यांनी डिस्ट्रिब्युटरच्या (गाणं स्पॉटिफाय वगैरेंवर पोचवणारी कंपनी) फॉर्ममध्ये कंटेंट आयडीच्या (यूट्यूबची आवाज जुळवून क्लेम लावणारी यंत्रणा) चौकोनावर टिक केलेली असते आणि ते विसरलेले असतात. तुमच्या भागावर क्लेम येतो, मग ते कावरेबावरे, तुम्ही नाराज. आधीच विचारा. आयपीआरएसचे सभासद असतील तर काही हक्क त्यांनी संस्थेकडे दिलेले असतात, तेही विचारा.

मी असतो तर रिलीज झालेलं रेकॉर्डिंग वाजवलंच नसतं. पाहुण्यालाच सांगायचं, एक कडवं आत्ता इथे गा, नुसत्या गिटारवर, नुसत्या ढोलकीवर, हाताने टेबलावर ठेका धर. त्यात कुठल्या लेबलचं ध्वनिमुद्रण येत नाही, मशीन सहसा पकडत नाही, परवानगी फक्त शब्द-चालवाल्याची लागते आणि तो समोरच बसलाय. शिवाय जे स्पॉटिफायवर आहेच ते परत ऐकायला तुमच्याकडे कोण कशाला येईल? कव्हर (दुसऱ्याचं गाणं आपण गाणं) मात्र नको, तिथे समोरचा बसलेला मालक नसतो.

परवानगी व्हॉट्सअॅपवर तरी लेखी घ्या. गाण्याचं नाव, शब्द माझे, चाल माझी, अमुक पॉडकास्टच्या भागात वापरायला, सगळ्या प्लॅटफॉर्मवर, कायमसाठी, मोबदला इतका किंवा शून्य. तेवढ्या चार ओळी. स्क्रीनशॉट दोन ठिकाणी ठेवा.

म्हापशेकार

वरचं सगळं बरोबर आहे पण एक भाग टाका हो आधी! मी घोटत बसलो होतो वर्षभर, आमच्याकडे जूनपासून पत्र्यावर पाऊस असा बडवतो की चार महिने रेकॉर्डिंगच बंद, शेवटी पावसासकटच टाकला. त्या भागाखाली जेवढ्या लोकांनी लिहिलं तेवढं नंतर कुठल्याच भागाला नाही. घुमणारा आवाज मात्र लोक खरंच सहन करत नाहीत, त्यात खिडकीबंद यांना +१.

आणि गप्पांचा आवाज बारीक आणि गाणं आलं की कानठळ्या, हे तेवढं करू नका. पूर्ण भाग उणे १६ एलयूएफएसला (आवाज कानाला किती मोठा लागतो त्याचं माप) आणा, ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशन आहे. त्याआधी गप्पा आणि गाणी वेगवेगळी कानाने जुळवून घ्या, सगळं एकत्र करून बटण दाबलं तर फरक तसाच राहतो.

मिरज_जंक्शन

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री साडेदहाला बेडरूममध्ये बसलो, कपाट उघडं, समोर दोरीला आईची गोधडी. टाळीचं शेपूट गेलं! तोच माइक, आणि पहिल्यांदा स्वतःचा आवाज माणसासारखा आला. बायको म्हणाली एवढ्यासाठी तीन महिने घर डोक्यावर घेतलं होतंस का. स्टेशन अजून येतंय पण लांबून, ते आता राहू देणार आहे, नाव तसं जंक्शन आहेच.

गायिकाबाई परत गाणार आहेत, दुसऱ्या फोनचं आणि टॉवेलचं सांगितलंय. परवानगीचा मेसेज तिघांना पाठवला, दोघांचं लगेच हो आलं. तिसऱ्याने मात्र लिहिलंय की शब्द त्याचे, पण चाल त्याने आणि जुन्या बँडमेटने बसून केलेली आणि दोघांचं वर्षभर बोलणं नाही. तो म्हणतो मी हो म्हणतोय ना, बास झालं.

सही_घेतली_का

बास नाही झालं. चाल दोघांची तर होकार दोघांचा. तुम्ही स्वतः दुसऱ्याला मेसेज टाका, यांच्यामार्फत नको, तुमचं त्याच्याशी काही वाकडं नाही. तो नाही म्हणाला किंवा गप्प राहिला तर यांना दुसरं गाणं गायला सांगा, जे एकट्याचं आहे.

मिरज_जंक्शन

टाकला मेसेज. निळ्या टिका आल्यात.