हक्क की अधिकार? आणि 'राइट'चं काय करायचं?

कोपरीकर: मंडळी, जरा मदत करा. नववी-दहावीच्या मुलांना रविवारी कायदा आणि नीतीचं अगदी बेसिक शिकवायचं ठरलंय, नोट्स इंग्रजीत आहेत. त्यात एक वाक्य असं की तुमचा राइट आहे म्हणून ते करणं राइट असतंच असं नाही. मी 'अधिकार असला म्हणजे योग्य असतंच असं नाही' केलं, तर सोबतची मॅडम म्हणते हक्क लिही, अधिकार साहेबाला असतो. कोणाचं बरोबर?

घणसोलीचा: हक्कच. आमच्याकडे नवी मुंबईत सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटला हक्काचा प्लॉटच म्हणतात, अधिकाराचा म्हणणारा अजून भेटायचाय. 1984 ला जासईला जमिनीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली ती हक्कासाठीच ना.

शुद्धमराठी: भावना समजल्या, पण हक्क अरबी आहे. महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश उगाच करून घेतला का? अधिकार आपला, थेट गीतेतला, कर्मण्येवाधिकारस्ते.

वकीलबाई_ठाणे: मग हक्कसोडपत्राचं काय करू काका, अधिकारत्यागलेख? सब-रजिस्ट्रारकडे भावाच्या नावे सही करायला आलेल्या आत्याबाई तो शब्द ऐकून उठून घरी जातील. आणि दोन्ही शब्दांना वेगवेगळी कामं आहेत हो. पोलिसाला अटक करायचा अधिकार असतो, आणि ज्याला पकडलंय त्याला का पकडलं हे कळण्याचा, वकील गाठण्याचा आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे जाण्याचा हक्क असतो, संविधानाचं कलम 22. म्हणजे एकाचा हक्क आला की समोरच्यावर कर्तव्य आलंच. अधिकारात तसं नाही, तो म्हणजे काहीतरी करायची कायद्याने दिलेली पॉवर. मुलांना एवढं कळलं तरी पुष्कळ.

शुद्धमराठी: मग 'माहितीचा अधिकार' चुकलं म्हणा की!

वकीलबाई_ठाणे: सरकारचंच एकमत नाही. 2005 ला माहितीचा अधिकार, 2009 ला शिक्षणाचा हक्क, 2015 ला लोकसेवा हक्क. संविधान मराठीत मूलभूत हक्कच म्हणतं, हिंदीत मूल अधिकार. माझ्या मते हा अधिकार हिंदी बातम्यांतून घुसलाय, संस्कृतातून नाही 😄

पामबीचवाला: मला वाटायचं हक्क हा 'हाक'वरून आला, हक्काने हाक मारतो ना आपण.

घणसोलीचा: 😂 काहीही हां.

जुनेठाणे: हाक वेगळी, तिचा संबंध नाही. पण गंमत बघा, आपलं 'नाहक' म्हणजे ना-हक, आणि 'हकनाक मेला' मधलं हकनाकही हक-नाहक घासून झालंय. म्हणजे गावच्या आजीच्या तोंडातसुद्धा हा अरबी शब्द मुरलाय, आता शुद्ध काय करणार. आणि अरबीत हक म्हणजे सत्य, खरंसुद्धा, म्हणजे इंग्रजी राइटसारखे दोन्ही अर्थ एकाच शब्दात. मराठीत आपण फक्त मागणीचा अर्थ ठेवला, खरेपणाचा गाळला.

शुद्धमराठी: मग गाळलेलाच बरा.

कोपरीकर: वा. पण मुलांना उदाहरण काय देऊ?

पामबीचवाला: आमच्या सोसायटीतलं द्या. एकाची गाडी स्वतःच्याच स्लॉटमध्ये असते, पण अशी तिरकी लावतो की शेजारच्या आजींची व्हीलचेअर निघत नाही. बोललं की म्हणतो माझा हक्क आहे. हक्क आहेच की, पण माणुसकी?

वकीलबाई_ठाणे: उदाहरण झकास. फक्त तो स्लॉट सोसायटीने दिलाय की बिल्डरकडून 'विकत' घेतलाय?

पामबीचवाला: विकत. स्टिल्टमधला, म्हणजे इमारतीखाली खांबांमधला. पावती आहे म्हणतो.

वकीलबाई_ठाणे: मग आधी हक्कच तपासा! रेरा (घरखरेदीचा नवा कायदा) यायच्या आधीच्या इमारतीत स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नव्हतं, सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय.

घणसोलीचा: काय सांगता, माझ्या मेव्हण्याने पण घेतलंय. ओपन पार्किंगचं पण तसंच का?

वकीलबाई_ठाणे: ओपन तर नाहीच, ती कॉमन जागा.

पामबीचवाला: थांबा थांबा, मग सोसायटी त्याचा स्लॉट काढून घेऊ शकते का? एजीएम, म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा, पुढच्या रविवारी आहे.