मिडलटनचं 'अ गेम ॲट चेस': धाडस की वारा पाहून दिलेली पाठ?

पडद्याआड: इंग्रजी नाटकातलं राजकीय धाडस म्हटलं की सगळे शेक्सपियरकडे धावतात. माझं मत शेक्सपियरच्याच काळातल्या नाटककार थॉमस मिडलटनला. ऑगस्ट १६२४ मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात त्याच्या बुद्धिबळाच्या नाटकाचे रविवार सोडून ओळीने ९ प्रयोग झाले. पांढरी सेना प्रोटेस्टंट इंग्लंडची, काळी कॅथलिक स्पेनची आणि जेझुइटांची, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांची. हयात ख्रिस्ती राजाला मंचावर दाखवायला मनाई असताना यानं इंग्लंडचा राजा जेम्स आणि स्पेनचा चौथा फिलिप दोघांनाही पटावर आणलं! काळा घोडा म्हणजे लंडनमधला स्पेनचा माजी वकील (राजदूत) गोंडोमार. त्याला भगंदराचा त्रास होता. तोही नाटकात आला. नटांनी त्याचा जुना पोशाख आणि पालखीसुद्धा मिळवली, अशी तेव्हा शहरात चर्चा होती. नवा वकील कोलोमा संतापला. सगळ्यात कमी गर्दीच्या दिवशीही ३००० वर माणसं होती, असं त्यानं मायदेशी कळवलं. प्रयोग बंद पडले, मिडलटन गायब झाला, आणि प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे, त्याच्या मुलाला उभं राहावं लागलं. याला धाडस नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

शाईपेन: वारा कुठून वाहत होता ते बघा ना. ऑक्टोबर १६२३ मध्ये राजपुत्र चार्ल्स स्पेनची राजकन्या न आणता माद्रिदहून परतला, तर लंडनभर आनंदाच्या होळ्या पेटल्या. त्याच महिन्यात लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागात फ्रेंच वकिलाच्या निवासात प्रवचन ऐकायला वरच्या मजल्यावर कॅथलिक जमले होते. पायाखालची तक्तपोशी कोसळली आणि ९० हून जास्त माणसं गेली. त्यावर पत्रकं निघाली, हा देवाचा न्याय म्हणून! त्या शहरात जेझुइटांना खलनायक करायला कसली छाती लागते? कॅथलिक पाद्र्याला निव्वळ देशात असण्याबद्दल देहदंड देता येईल असा कायदा होता. मार खाणाऱ्याला आणखी एक लाथ, एवढंच हे नाटक. वर १२ जूनला सेन्सॉर हेन्री हर्बर्टची रीतसर परवानगी, आणि खेळणारी मंडळी खुद्द राजाची.

नांदी: शाईपेन, परवानगी मिळाली म्हणून धोका टळत नाही. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आलं आणि १९१० मध्ये बंदी आली. तिथेही रूपकाचाच आडोसा होता, आणि कीचकात कर्झन दिसायला प्रेक्षकांना कोणी सांगावं लागलं नाही.

शाईपेन: तुलना पटत नाही. खाडिलकरांचा कीचक सत्तेवर होता. लंडनमधला कॅथलिक माणूस सरकारी प्रोटेस्टंट चर्चला गेला नाही म्हणून दंड भरत होता. दोघांना एका पंक्तीत बसवू नका.

पडद्याआड: कॅथलिकांचे हाल मी नाकारत नाही, ब्लॅकफ्रायर्सची पत्रकं किळसवाणीच आहेत. पण नाटक फक्त काळ्यांवर नाही. पांढऱ्या राजाचं प्यादं आठवा: वरचा पांढरा झगा उतरवतात आणि आत काळा निघतो. राजाच्या जवळचा माणूसच विकला गेलेला! ज्या राजाने स्पेनशी सोयरीक जुळवण्यात वर्षानुवर्षं घालवली, त्याला भर मंचावर गाफील दाखवलंय.

शाईपेन: ते प्यादं म्हणजे खजिनदार क्रॅनफिल्ड, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्यावर महाभियोग कधी झाला? १६२४ च्या वसंतात, नाटकाच्या आधी. स्पेनशी युद्ध नको म्हणणारा माणूस होता, चार्ल्स आणि राजाचा लाडका ड्यूक बकिंगहॅम यांनीच त्याला खाली खेचला. आणि पटावर पांढरा घोडा कोण, पांढरा ड्यूक कोण? तेच दोघे, विजयी वीर म्हणून! म्हाताऱ्या राजाला टोचायचं आणि उद्याच्या राजाला हार घालायचा, याला मी हिशेब म्हणतो.

नांदी: हिशेब असेलही. पण मग मिडलटनचं यानंतर एकही नाटक का सापडत नाही? १६२७ मध्ये तो वारला. उद्याचा राजा १६२५ मध्येच गादीवर बसला होता, युद्धही सुरू झालं होतं. त्या हाराच्या बदल्यात त्याला काय मिळालं, ते दाखवा.