निव्वळ सीसीवर वर्ग पाडू नका

भाऊ, शेतातल्या मोटरसायकल शर्यतीत 'शंभर सीसीच्या साऱ्या गाड्या एकाच वर्गात उतरवा' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. आर्वीकडच्या काळ्या मातीत यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स-१०० शेजारी शंभरची फोर-स्ट्रोक उभी केली, तर निकाल झेंडा पडायच्या आधीच ठरलेला असतो. टू-स्ट्रोकला इंजिनातल्या क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात पॉवर स्ट्रोक, म्हणजे जोर देणारा धक्का, मिळतो, फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एकदा. म्हणूनच २००२ मध्ये मोटोजीपी या मोटरसायकलींच्या जागतिक स्पर्धेनं ५०० सीसी टू-स्ट्रोकसमोर ९९० सीसीपर्यंतच्या फोर-स्ट्रोक चालू दिल्या. अन् मग फोर-स्ट्रोकच भारी पडल्या! एकदा मांडलेला हिशेब कायमचा पुरत नाही. वर्ल्ड सुपरबाइक या दुसऱ्या जागतिक स्पर्धेत २०१९ ला डुकाटीची पानिगाले व्ही४ आर ही गाडी सुरुवातीच्या शर्यती सलग जिंकत गेली, तेव्हा भर हंगामात तिची आरपीएम (मिनिटाला इंजिनाचे फेरे) मर्यादा २५० नं उतरवली होती.

आपल्या शेतातल्या शर्यतीत आरपीएम कोण तपासणार? पण कापूस तोलायचा काटा तर गावोगाव आहे. पोरं पोटाला चिमटा काढून गाड्या बांधतात, त्यांच्यावर अन्याय नको. टू-स्ट्रोकचा वर्ग वेगळा करा, बाकीच्यांना गाडी अन् चालवणारा मिळून किमान वजन ठरवा. कमी भरलं, तर फ्रेमला शिसं बांधून मगच सोडा.