मी बडबडी, हे अबोल

'मी गप्पिष्ट, तो घुम्या. जमेल का आमचं?' या तुझ्या प्रश्नावर सगळे स्वभावच जुळवत बसलेत. आमच्या लग्नाला १६ वर्षं झाली. मी बडबडी, हे अबोल. नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, खरेदीला गेलो की मला दर दहा पावलांवर कोणीतरी ओळखीचं भेटायचं आणि हे पिशव्या धरून दुकानाच्या पायरीवर उभे. मला वाटायचं, रुसले. रुसले नव्हते, माणसांनी थकले होते. हे कळायलाच तीन वर्षं गेली बाप्पा!

अंतर्मुख-बहिर्मुख ही विभागणी १९२१ मध्ये मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगलाही शंभर टक्के एकाच बाजूचा माणूस मान्य नव्हता. आमचे हे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडतात!

तू एवढंच बघ, भांडण झाल्यावर तो किती दिवस अबोला धरतो. मला तिथल्या तिथे बोलून मोकळं व्हायचं असतं, यांना आधी विचार करायचा असतो. म्हणून आमच्याकडे रात्रीचं भांडण सकाळी तर्री-पोह्यांच्या (तर्री म्हणजे पोह्यांवरचा झणझणीत रस्सा) टपरीवर निघतं. पहिली प्लेट संपेपर्यंत हे गप्पच. दुसऱ्यांदा तर्री मागितली की समजायचं, आता बोलणार.