प्रतिसाद: टीव्हीवर आवाज पोचत नाही

ट्रॅकवर जाऊन काही दिसत नाही, टीव्हीवरच फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत नीट कळते, असं वर लिहिलंय. दिसण्यापुरतं मान्य. कोण कितवा हे आम्हालाही मोठ्या पडद्यावर बघूनच कळत होतं. पण ऐकण्याचं काय?

३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडातल्या बुद्ध सर्किटवर अण्णा मला घेऊन गेले होते. परभणीहून सचखंड एक्सप्रेसने दिल्ली. त्यांचं डिझेल पंप-नोझल दुरुस्तीचं दुकान, सगळं आयुष्य ट्रॅक्टरच्या आवाजात गेलेलं. चौथ्या वळणाआधी एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. तिथून तीनशेच्या वर वेगाने आलेली गाडी करकचून ब्रेक मारायची, तेव्हा अण्णा डोळे मिटून बोटांवर उतरते गिअर मोजायचे. ट्रॅक्टर मिनिटाला दोन-सव्वादोन हजार फेरे घेतो, या आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनांना अठरा हजारांपर्यंत मुभा होती. म्हणजे सेकंदाला तीनशे! हा हिशेब त्यांनी तिथेच माझ्या कानात ओरडून सांगितला. मला अर्धाच ऐकू आला. जर्मनीचा सेबास्टियन वेटेल जिंकला, आपला नारायण कार्तिकेयनही त्या शर्यतीत होता, त्याची गाडी आली की आमचा अख्खा स्टँड उभा राहायचा.

इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो: २०१४ पासून १.६ लिटरची टर्बो व्ही-६ इंजिनं आली आणि तो आवाज बराच खाली आला. भारतातल्या तिन्ही शर्यती २०११ ते २०१३ मधल्या, म्हणजे सगळ्या व्ही-८ च्याच.